लायटिंग डिझाइन शिकायचंय? स्टेज असो की थ्रीडी, सुरुवात एका दिव्यापासून करा

लायटिंग शिकायचं म्हटलं की बरेचजण आधी सॉफ्टवेअर डाउनलोड करतात नाहीतर मूव्हिंग हेडचे (मोटरने स्वतः फिरणाऱ्या दिव्यांचे) व्हिडिओ बघत बसतात. ते नंतर. नाटकाची प्रकाशयोजना असो की कॉम्प्युटरवरचा थ्रीडी सीन, आधी नजर तयार व्हायला लागते, म्हणजे उजेड कुठून येतोय आणि सावली कुठे पडतेय हे आपोआप दिसायला लागलं पाहिजे. ते जमलं की एकीकडे शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं वापरता येतं.

१) एक दिवा, एक चेहरा

खोलीत पूर्ण अंधार करा, कुणालातरी खुर्चीवर बसवा आणि हातात एकच टेबल लॅम्प घ्या. आधी अगदी समोरून चेहऱ्याच्या उंचीवर धरा, चेहरा सपाट दिसेल. आता लॅम्प साधारण ४५ अंश बाजूला आणि तेवढाच वर न्या, नाकाची सावली तिरकी होऊन गालावर उतरते आणि चेहऱ्याला एकदम गोलाई येते. मग थेट डोक्यावर धरा, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि माणूस कुठे बघतोय तेच कळत नाही. खालून धरला की भीतीदायक, मागून धरला की फक्त केस आणि खांद्यांची कड उजळते. प्रत्येक अँगलचा फोटो काढा पण मोबाईलचं एक्सपोजर लॉक करून, नाहीतर कॅमेरा स्वतःच उजेड कमीजास्त करतो आणि फरक दिसतच नाही.

तिथेच अंतराचा खेळपण करून बघा. छोटा दिवा १ मीटरवरून २ मीटरवर नेला की उजेड अर्धा नाही, एक चतुर्थांश होतो. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपरचा मोठा तुकडा धरला की सावलीची कड मऊ होते, कारण आता उजेड मोठ्या पृष्ठभागावरून येतोय. (दिवा एलईडीच घ्या, गरम बल्बजवळ कागद नको.)

२) तेच सगळं ब्लेंडरमध्ये

ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे. रेंडर इंजिन सायकल्स ठेवा, क्यूबच्या जागी त्यातलं तयार माकडाचं डोकं आणा, आधीपासून असलेला लाईट उडवा आणि वर्ल्डचा (सीनच्या आजूबाजूचा) रंग काळा करा, हे विसरलात तर मागचा करडा उजेड सगळ्या सावल्या भरून टाकतो. मग एक एरिया लाईट आणून वरचे सगळे अँगल परत लावा. साइज वाढवली की सावली मऊ होते, ट्रेसिंग पेपरसारखीच. सन लाईट मात्र कितीही लांब नेला तरी फरक पडत नाही, त्याची फक्त दिशा चालते. स्पॉट लाईटचं ब्लेंड वाढवलं की स्टेजवरच्या फ्रेनेल दिव्यासारखी विरघळणारी कड मिळते, शून्यावर आणलं की प्रोफाइल दिव्यासारखी धारदार.

३) दोन बाजू, दोन रंग

अमेरिकन प्रकाशयोजनाकार स्टॅनली मॅकँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत आजही शिकवतात: समोरून डावी-उजवीकडे ४५ अंशांवर दोन दिवे, एकात उबदार रंगाचं जिलेटीन (दिव्यापुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद), दुसऱ्यात थंड. एकाची सावली दुसऱ्याच्या रंगाने भरते, त्यामुळे चेहरा नीट दिसतो आणि तरी सपाट होत नाही. मागून तिसरा दिवा दिला की नट पडद्यापासून सुटा दिसतो. रंग फिकेच घ्या, गडद निळा आणि लाल शिकाऊ माणसाला फार लवकर भुलवतात.

४) आता संहिता

दिवे ठरवायच्या आधी संहिता वाचा आणि प्रत्येक प्रवेशासमोर वेळ, जागा, मूड आणि नट कुठे उभा आहे ते लिहा. त्यातून क्यू शीट, म्हणजे उजेड बदलायच्या प्रत्येक क्षणाची (क्यूची) यादी बनते: क्यू नंबर, कुठल्या वाक्यावर, किती सेकंदांचा फेड (उजेडाचा हळूहळू बदल). तोच बदल २ सेकंदांत केला तर दचकवतो आणि २० सेकंदांत केला तर प्रेक्षकाला कळतही नाही, फक्त जाणवतो. थ्रीडीमध्ये हेच काम कीफ्रेम (कुठल्या क्षणी किती उजेड याच्या खुणा) करतात. स्टेजवर बहुतेक ठिकाणी कंट्रोल डीएमएक्सवर (दिव्यांना आकड्यांतून सूचना पाठवायच्या पद्धतीवर) चालतो, एका युनिव्हर्समध्ये (एका डीएमएक्स लाइनवर) ५१२ चॅनल आणि साधारणपणे प्रत्येकाची व्हॅल्यू ० ते २५५. साधा डिमर (उजेड कमीजास्त करणारा) एका चॅनलवर भागतो पण मूव्हिंग हेड बरेच चॅनल खातो, म्हणून अ‍ॅड्रेस (कुठला दिवा कुठल्या चॅनलपासून सुरू होतो ते) आधी कागदावर मांडून घ्या.

५) दिवे कमी करा

कॉम्प्युटरवर दिवा हवेत लटकतो, स्टँड नाही, वायर नाही, लाईट लिंकिंग करून एकाच वस्तूवर पाडतापण येतो, त्यामुळे दिवे वाढतच जातात. सीन झाला की एकेक दिवा बंद करून बघा, काहीच बिघडलं नाही तर तो काढूनच टाका. स्टेजवर असे लाड नसतात, तिथे उजेड विंगवर सांडतो, जमिनीवरून उलटून परत येतो.

म्हणून जमेल तेव्हा एखाद्या नाटक ग्रुपच्या फोकसिंगला (दिवे नेमक्या जागी वळवायच्या कामाला) मदतीला जा आणि नटाच्या जागी स्वतः उभे राहा, दिव्याचा सगळ्यात तेज भाग कपाळावर आला की ऊब आणि झगमग दोन्ही जाणवतं (एलईडी असेल तर ऊब फारशी नाही). शिडीवर मात्र अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय चढू नका, आणि टांगलेल्या प्रत्येक दिव्याला क्लँपशिवाय वेगळी सेफ्टी चेन आहे ना ते दिवा चालू करायच्या आधी तपासा.