मराठी शाळेतून हायस्कूलला जाताना: विशेष मुलांच्या पालकांनो, या चुका टाळा

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव आणि खटाव तालुक्यांतल्या शाळांत मी फिरती विशेष शिक्षिका म्हणून बरीच वर्षं स्कूटी झिजवली. दर जूनमध्ये तोच फोन येतो. "मॅडम, मराठी शाळेत चांगला रुळला होता ओ, हायस्कूलला गेला आणि बिघडला." पोरगं बिघडलेलं नसतं. मराठी शाळा म्हणजे गावातली चौथीपर्यंतची शाळा; तिथं चार वर्षं गुरुजींच्या डोक्यात साठलेली त्याची माहिती तिथंच राहते आणि पोरगं तेवढं पुढं जातं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, 'वर्तणूक चांगली' असते. मोठा आवाज झाला की हा कान दाबून बाकाखाली शिरतो, हे कुठल्याच रकान्यात नसतं.

एकदा दाखवून आणलं की झालं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्यावर जरा जास्तच बोलणार.

पोरगा स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. गावातल्या शाळेत चाळीसेक मुलं, हायस्कूल तीन किलोमीटरवर आणि तिथं सातशे. मे महिन्यात मी, तो आणि त्याची आई जाऊन आलो. शिपाईमामांनी कुलूप काढून दिलं. त्यानं वर्गातले पंखे मोजले, टाकीच्या नळाला पाणी प्याला, एका बाकावर बसून बघितलं. मी ऐटीत म्हणाले, "वहिनी, आता काही काळजी करू नका."

मराठी शाळेत घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. चौथीत असताना तो वाजवायचं काम यालाच दिलेलं. हायस्कूलला विजेची बेल, ती नेमकी पाचवीच्या दारावर. पहिल्या दिवशी ती वाजली, पाठोपाठ कर्ण्यावर प्रार्थना सुरू झाली आणि पोरगा फाटकातून गेला. पालकांची गर्दी, फाटक सताड उघडं, कुणाच्या लक्षात आलं नाही. हजेरी घेताना कळलं. चुलता मोटारसायकलवरून स्टँडकडं, शिक्षक उसाच्या फडाकडं, आणि मी कालव्याच्या कडेनं. कालव्याला पाणी होतं. पुढचं लिहीत नाही.

दोन तासांनी सापडला तो मराठी शाळेत. वर्गात आपल्या जुन्या जागेवर, दप्तर उघडून बसलेला. गुरुजींना वाटलं, घरच्यांनीच आणून सोडलंय. त्यांनी हातावर शिरा ठेवला आणि पुढची हजेरी घेतली.

बेल वाजवून दाखवायची मला सुचलीच नव्हती. सुट्टीतली शाळा आणि भरलेली शाळा, या दोन वेगळ्या शाळा आहेत. आता मी तीनदा नेते. मार्चमध्ये मधल्या सुट्टीच्या दंग्यात एकदा, फाटकाबाहेरून बघितलं तरी चालतं. मेमध्ये रिकाम्या शाळेत एकदा. आणि पहिल्या दिवशी प्रार्थना संपल्यावर, तास-दीड तास उशिरा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवायचं. बेल मोबाईलवर रेकॉर्ड करून आणते. ती घरी रोज वाजवायची, आधी बारीक आवाजात, मग मोठ्यानं. आणि शाळेत शिरल्यावर वर्गाच्या आधी मुतारी दाखवते. 'फार चिडचिड करतो' म्हणून माझ्याकडं आलेली किती पोरं नुसती सकाळपासून पाचपर्यंत दाबून बसलेली असतात, सांगून खोटं वाटेल.

"एवढा वेळ कुठाय मॅडम, भांगलण चालूय." मग जूनभर शाळेच्या फाटकावर बसायला वेळ काढता, तो कुठनं येतो?

सांगायचंच नाही

"सांगितलं तर घेणार नाहीत." ही भीती मला कळते, पण तिच्यामुळं जितकं नुकसान होतं तितकं कशानंच होत नाही. एका मुलीचं श्रवणयंत्र आईनं वेणीखाली झाकून पाठवलं. मुलगी उंच, म्हणून बसवली शेवटच्या बाकावर. दिवाळीपर्यंत बाई म्हणत होत्या, पोरगी उर्मट आहे, हाक मारली तरी बघत नाही.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ नुसार शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. ४० टक्के आणि त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. कुणी "आमच्याकडं सोय नाही" म्हणालं तर मी भांडत नाही. नम्रपणे म्हणते, "सर, तेवढं लेटरहेडवर लिहून सही-शिक्का द्या." आजवर असा कागद मला एकानंही दिलेला नाही.

शिवाय शाळेनं यू-डायसमध्ये, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाची विशेष गरज नोंदवली नाही, तर पुढचे भत्ते आणि साहित्य यायचा मार्गच बंद. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून विशेष गरजा असलेल्या मुलींना महिना २०० रुपये मिळतात. रक्कम चहापाण्याची, पण ती नोंद पुढं फार ठिकाणी विचारतात.

आता सांगायचं म्हणजे फाईल नेऊन आपटायची नाही. साठ पोरांच्या वर्गशिक्षकाला एमआरआय आणि बुद्ध्यांकाचा अहवाल वाचायला वेळ नसतो, आणि वाचून उपयोगही नसतो. माझा कागद अर्ध्या पानाचा असतो, जुन्या गुरुजींसमोर बसून लिहिलेला. पहिल्या ओळीत त्याला काय छान जमतं. मग कशाला घाबरतो, घाबरल्यावर काय केलं की शांत होतो, लघवीला जायचं कसं सुचवतो, फोन कुणाला करायचा. तीन प्रती काढते. एक वर्गशिक्षकांना, एक शिपाईमामांना, एक रिक्षावाल्या काकांना. फाटकाशी मुख्याध्यापक नसतात, मामा असतात.

बाकीच्या, थोडक्यात

शाळा, माध्यम आणि घर एकाच जूनमध्ये बदलू नका. साताऱ्यात खोली घेऊन इंग्रजी माध्यमात घातलं की पोरगं बोलायला लागेल, हे सांगणाऱ्या पाहुण्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

"नवी शाळा आहे, थोडे दिवस थेरपी बंद ठेवू." नको.

"परत चौथीतच बसवा." त्याला सांभाळून घेणारी पोरं पाचवीत गेलीत. त्यातला एक तरी त्याच्या तुकडीत येईल असं मेमध्येच सांगून ठेवा. याद्या लागल्यावर कुणी हलत नाही.

जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे.

प्रमाणपत्र दहावीच्या जानेवारीत

ही माझी दुसरी डोकेदुखी. दहावीला दिव्यांग मुलांना तासाला २० मिनिटं जादा मिळतात, लेखनिक, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहून देणारा, मिळतो. पण त्याचे कागद शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडं जातात, सातारा-सांगलीवाल्यांचं मंडळ तेच. आणि जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, हे सगळं आठवडाभरात उरकत नाही. आठवीतच सुरुवात करा.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा भेटलेला लेखनिक काय कामाचा? आमच्या एका पोराचे उच्चार अस्पष्ट. लेखनिकानं सराव परीक्षेत 'ऋण' ऐकलं 'धन', आणि अख्खं बीजगणित पालथं पडलं. सराव परीक्षाच होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी नववीच्या पहिल्या चाचणीलाच आठवीतलं अक्षर बरं असलेलं एक पोर शोधते आणि दोघांना शेजारी बसवून पेपर लिहायला लावते.