पावसाळी बुरशीसाठी लसणाची फवारणी: ठेचा, उकळू नका

हवा दमट झाली, पानं दिवसभर ओली राहू लागली की वेलवर्गीय भाज्यांवर केवडा (पानांवर पिवळट ठिपके पाडणारा रोग) आणि गादीवाफ्यात रोपमर (कोवळी रोपं कोलमडून मरणं) दिसू लागते. पाऊस उघडल्यावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी भुकटी पसरवणारी बुरशी, येते. या काळात बरेच जण लसणाचा अर्क मारतात आणि पुष्कळदा तो आधी उकळतात. तिथंच सगळं बिघडतं.

अख्ख्या पाकळीत बुरशीला मारणारं ॲलिसिन जवळपास नसतंच. असतात ते ॲलिइन हे गंधकयुक्त संयुग आणि ॲलिनेज नावाचं विकर (एन्झाइम), दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत. पाकळी ठेचली की ते एकत्र येतात आणि काही मिनिटांत ॲलिसिन तयार होतं. उकळत्या पाण्यात विकर आधीच निकामी होतं आणि हाती फक्त वास येतो. ॲलिसिन बुरशीच्या पेशीतल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतं. ते 1944 मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. लसूण तेलात मुरवला तर अजोईन हे दुसरं बुरशीनाशक संयुग मिळतं, पण तेलाची फवारणी पानं भाजू शकते. म्हणून शेतात पाण्यातलाच अर्क बरा.

सोललेला लसूण बारीक ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा. मग गार पाण्यात कालवून दाट फडक्यातून गाळा, नाहीतर पंपाचा नोझल तुंबेल. लिटरला 20 ग्रॅमपासून सुरुवात करा. आधी चार-पाच झाडांवर मारून दोन दिवस पाहा, कारण जास्त तीव्र अर्कानं कोवळी पानं करपतात. चिकटण्यासाठी साबण घालायचा तर अगदी थोडा आणि सौम्य. कपड्यांच्या क्षारयुक्त साबणानं ॲलिसिन टिकत नाही. अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर वापरा. पाऊस पडला की तो धुऊन जातो, म्हणजे फवारणी पुन्हा करावी लागते.

हा उपाय रोग दिसण्याआधी किंवा पहिले ठिपके दिसताच करायचा. निम्मी पानं पांढरी झाल्यावर लसणाकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. तेव्हा रोगट पानं काढून नष्ट करा, वेलीत वारा खेळू द्या आणि गरज असेल तर शिफारशीतलं बुरशीनाशक वापरा.

ट्रायकोडर्मा (रोगांच्या बुरशीला आवर घालण्यासाठी मातीत देतात ती बुरशी) दिलेल्या वाफ्यात मात्र लसणाचं पाणी ओतू नका. तीही बुरशीच आहे, मित्र असली तरी.

उरलेला चोथा कांदा-लसणाच्या वाफ्यात टाकणंही टाळा. कांदा-लसणाची मुळं आणि गड्डे कुजवणाऱ्या पांढऱ्या कुजीची बुरशी जमिनीत काळ्या दाण्यांच्या रूपात वर्षानुवर्षं पडून असते, आणि लसणातून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंनीच ती जागी होते. तिची हीच सवय उलटीही वापरता येते. पीक नसलेल्या, गार मातीत लसणाचा अर्क दिला तर दाणे उगवतात आणि खायला मूळ न मिळाल्यानं मरतात. चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात घाला. ठेचताना हातमोजे घाला, ओला लसूण कातडीवर फार वेळ राहिला तर फोड येतात.