सोलापूरच्या उन्हात जलरंग

सिद्धेश्वर तलावाकाठी चित्र काढायचं तर सकाळी सातच्या आत बसा. ऊन चढलं की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, ब्रश उचलायच्या आत वाळतो आणि मध्येच कडक रेघ उमटते. त्यावर उपाय म्हणजे ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कागद दोन्ही बाजूंनी ओला करणं, रंग आधीच भरपूर कालवून ठेवणं आणि आकाशाचा वॉश एका दमात वरून खाली उतरवणं.

कागद सावलीतच हवा. उन्हात तो इतका चकाकतो की आपल्या हातून रंग गडद लागतात आणि घरी चित्र काळवंडलेलं दिसतं.

भुईकोट किल्ल्याच्या दगडाला ट्यूबमधला काळा नको, मेलेला दिसतो. निळ्या अल्ट्रामरीनमध्ये तांबूस-तपकिरी बर्न्ट सिएना मिसळा. सावलीत निळा जास्त, उन्हात तांबूस. आणि तलावाचं पाणी नीट पाहा, खरी गंमत तिथेच आहे: उजळ भिंतीचं प्रतिबिंब किंचित गडद, गडद झाडाचं किंचित फिकं.