मेळघाटात मदत घेऊन जायचंय? आधी हे वाचा

दिवाळीच्या साफसफाईत निघालेले कपडे गोणीत भरून मेळघाटात नेऊन द्यायचा प्लॅन असेल तर प्लीज नको. आम्ही पहिल्यांदा तेच केलं होतं, घट्ट जीन्स, टिकल्या उडालेल्या साड्या, एक ब्लेझर पण होता, आणि एका आजीने तो ब्लेझर उलटापालटा करून बघितला आणि काही न बोलता परत गोणीत ठेवला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तर पहिलं म्हणजे वेळ. दिवाळीनंतर इथली बरीच कोरकू आदिवासी कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात आणि होळीला परत येतात, होळी त्यांचा सगळ्यात मोठा सण. जानेवारीत गेलात तर कितीतरी घरं बंद. होळी झाली की पाऊस लागायच्या आत जा, कारण पावसाळ्यात घरातलं धान्य संपत आलेलं असतं, नाल्यांना पूर येऊन रस्ते अडतात आणि लहान पोरांचे हाल तेव्हाच जास्त होतात.

धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातलं एकच गाव धरा, दहा नको. अंगणवाडी ताई नाहीतर आशाताईला गाठा, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणतं मूल कमी वजनाचं आहे, तिला तोंडपाठ असतं. शिवाय कोरकू भाषा मराठीच्या कुळातलीच नाही, म्हातारी माणसं काय म्हणतायत ते तीच सांगेल.

सामानात सगळ्यात कामाची निघाली ती ताडपत्री! जाड, कडेला रिंगा असलेली घ्या, कौलं गळायला लागली की वरून बांधता येते. मग मच्छरदाण्या, तूरडाळ, गूळ, शेंगदाणे, तेल. किराणा धारणीतूनच घ्या, घाटातून ओझं वाहायचं वाचतं. दूध पावडरचे डबे अजिबात नको, पाणी स्वच्छ नसेल तर बाळाला जुलाब होतात, त्यापेक्षा आईच्या खाण्याचं बघा.

पैसेच द्यायचे असतील तर तिथे वर्षभर राहून काम करणाऱ्या संस्थेला द्या. देणगीवरची आयकर सूट (80जी म्हणून ओळखतात ती) हवी तर 2000 रुपयांच्या वर कॅश देऊ नका, ऑनलाइन किंवा चेकने द्या आणि संस्थेकडून देणगीचं सर्टिफिकेट मागून घ्या.

आणि हो, पोरांच्या हातात पुडा देऊन फोटो काढू नका. निघताना ताईला विचारा, कोणाचं राहिलं का? नाल्यापलीकडचं एखादं घर राहतंच.