जुनी, मोठ्या ॲपर्चरची वाइड अँगल लेन्स घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

पावसाळा सरला की ‘२४ मिमी एफ/२ ची जुनी मॅन्युअल लेन्स मिळते आहे, घेऊ का?’ असे विचारणारे नाशिकमध्ये दरवर्षी भेटतात, आणि २०२७ चा सिंहस्थ जसजसा जवळ येईल तसतसे ते अधिकच भेटतील. मिमीचा आकडा जितका लहान तितकी चौकट रुंद, आणि एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके ॲपर्चर, म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र, मोठे. त्याच कंपनीची, त्याच काळातली एफ/२.८ ची लेन्स बहुतेक वेळा बरीच स्वस्त आणि हलकी असते. त्यामुळे जादा पैसे मोजायचे ते फक्त एका स्टॉपसाठी, म्हणजे दुप्पट उजेडासाठी. तो स्टॉप आपल्या हातून खरोखर वापरला जाणार आहे का, हे आधी पाहावे आणि लेन्सकडे नंतर वळावे.

याचे उत्तर आपल्याच जुन्या फोटोंत मिळते. गेल्या वर्षभरातले २४ ते २८ मिमीच्या आसपासचे फोटो संगणकावर वेगळे काढावेत आणि त्यांपैकी किती फोटो केवळ उजेड कमी पडल्याने वाया गेले ते मोजावे. त्यातही दोन गट पाडावेत: हात हलल्यामुळे बिघडलेले आणि समोरचा माणूस हलल्यामुळे बिघडलेले. पहिल्या गटासाठी आता मोठ्या ॲपर्चरची गरज राहिलेली नाही, कारण बॉडीतच स्थिरीकरण असलेला कॅमेरा ते काम करतो. जुन्या लेन्ससाठी मेन्यूत फोकल लेंग्थ स्वतः भरावी लागते, एवढेच. पांडवलेणीच्या अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातला स्तूप जागचा हलत नाही, त्यामुळे तिथे एफ/४ आणि संथ शटर चालते. दुसरा गट मोठा निघाला, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

या लेन्स मुळात का बनल्या, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असल्यामुळे वाइड लेन्स मागे, फिल्मच्या पुरेशी जवळ सरकवता येत नसे. त्यासाठी रेट्रोफोकस, म्हणजे फिल्मपासून लांब राहूनही वाइड चित्र देणारी रचना आली. फ्रान्सच्या आँजेन्यू कंपनीने १९५० मध्ये ३५ मिमीची अशी लेन्स बाजारात आणली. या रचनेत ॲपर्चर मोठे करणे अवघड आणि खर्चिक होते. तरीही छायाचित्रकार पैसे मोजत, कारण फिल्मचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, मर्यादित होता आणि एफ/२ मुळे व्ह्यूफाइंडर उजळ होऊन अंधारात फोकस करणे सोपे जाई. आजचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर स्वतःच उजळतो आणि सेन्सर आयएसओ ६४०० वर, म्हणजे उजेडाची संवेदनक्षमता बरीच वाढवूनही, समाधानकारक काम करतो. म्हणजे त्या काळी ज्या कारणांसाठी एवढी किंमत मोजली जाई, त्यांतली दोन आज जवळपास उरलेली नाहीत.

मागची पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी ही लेन्स घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) २४ मिमी एफ/२ ला साधारण साडेनऊ मीटरवर फोकस केले, तर पावणेपाच मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्वीकारार्ह स्पष्ट येते. धूसरपणा हवा असेल तर विषयाच्या हातभर जवळ जावे लागते, आणि इतक्या जवळून वाइड लेन्सने घेतलेला माणसाचा चेहरा ताणला जातो.

मग ती उपयोगी कुठे पडते? रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचे उदाहरण घेऊ. उजेड फक्त दिव्यांचा आणि खांबांवरच्या बल्बचा, आणि आरतीचे जड दीप हातात घेऊन फिरवणारे हात सतत हलते. एफ/२.८ वर जिथे १/३० सेकंद मिळतो, तिथे एफ/२ वर १/६० मिळतो आणि हाताची बोटे दिसू लागतात. परंतु तोच फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून कोपऱ्यांत पाहावा. मध्यभागी जी ज्योत थेंबासारखी रेखीव आहे, तिच्याच शेजारच्या रांगेतल्या, पण फ्रेमच्या कडेला गेलेल्या दिव्याला दोन्ही बाजूंना पंख फुटलेले असतात. उडत्या पाखरासारखा त्याचा आकार होतो. याला कोमा म्हणतात. त्या काळातल्या बहुसंख्य वाइड लेन्सची भिंगे साध्या गोलीय पृष्ठभागाची असल्याने हा दोष पूर्ण उघड्या ॲपर्चरवर ठळक दिसतो. कॅननने १९७५ मध्ये एफडी मालिकेतल्या २४ मिमी एफ/१.४ मध्ये ॲस्फेरिकल, म्हणजे गोलीय नसलेल्या पृष्ठभागाचे, भिंग वापरले ते उगाच नव्हे, आणि ती लेन्स आजही महाग आहे. शिवाय उघड्या ॲपर्चरवर कोपरे मध्यापेक्षा गडद असतात, म्हणजे विकत घेतलेला उजेड कोपऱ्यांपर्यंत पुरेसा पोहोचतच नाही. आरतीत विषय मध्यभागी असतो आणि कडेला माणसांच्या सावल्या असतात, म्हणून हे खपून जाते. आकाशगंगेच्या फोटोत तारे थेट कोपऱ्यापर्यंत असतात, तिथे मुळीच खपत नाही. पंख मिटवण्यासाठी एफ/२.८ किंवा एफ/४ पर्यंत जावे लागते आणि जादा स्टॉप हातचा जातो. त्र्यंबकच्या डोंगरांत ताऱ्यांसाठी लेन्स हवी असणाऱ्यांनी जुनी, मोठ्या ॲपर्चरची वाइड लेन्स घेऊ नये, असेच मी सांगतो.

कॅमेऱ्याशी ती जुळते का, हे थोडक्यात. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीवर ॲडॅप्टर (जोडणीचे कडे) लावून जवळपास प्रत्येक जुनी एसएलआर लेन्स बसते. डीएसएलआरवर (डिजिटल एसएलआरवर) मात्र कॅननच्या एफडी लेन्स जादा भिंगाच्या ॲडॅप्टरशिवाय अनंतापर्यंत फोकस होत नाहीत, आणि निकॉनच्या १९७७ पूर्वीच्या, एआय (ॲपर्चर रिंगच्या जोडणीतला नंतरचा) बदल न केलेल्या लेन्स अनेक बॉडींचा ॲपर्चर टॅब मोडू शकतात. एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरवर २४ मिमीची चौकट ३६ मिमीसारखी होते. मग ती वाइड राहतच नाही.

ॲडॅप्टरबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण दोष ॲडॅप्टरचा असताना दोषी लेन्स ठरलेली मी पाहिली आहे. स्वस्त ॲडॅप्टर अनेकदा हेतुपुरस्सर किंचित पातळ बनवतात, म्हणजे अनंताचा फोकस चुकू नये. साध्या लेन्सला त्याने फारसा फरक पडत नाही. पण अनेक वाइड लेन्समध्ये फोकस रिंगबरोबर भिंगांमधले अंतरही बदलत असते. निकॉनने ही सोय १९६७ च्या २४ मिमी एफ/२.८ मध्ये प्रथम आणली. अशा लेन्सवर पातळ ॲडॅप्टर लावला तर दूरचा डोंगर स्पष्ट दिसताना रिंग दोन-तीन मीटरच्या खुणेवर थांबलेली असते, भिंगे जवळच्या फोकसच्या मांडणीत राहतात आणि कोपरे नाहक मऊ येतात. दूरवर फोकस केल्यावर रिंग अनंताच्या खुणेजवळ आहे का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

आता लेन्स हातात घेऊन करायची तपासणी. ॲपर्चर पूर्ण उघडावे, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरावा आणि समोरून पाहावे. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, फांद्या फुटलेली दिसते. जुन्या ग्रीसची वाफ बसली असेल तर पूर्ण भिंगावर दुधाळ पडदा दिसतो. चिकटवलेली भिंगे सुटू लागली असतील तर कडेला इंद्रधनुषी डाग दिसतो. मुंबई-कोकणातून किंवा इगतपुरीच्या बाजूने आलेल्या लेन्सकडे मी बुरशीच्या संशयानेच पाहतो. पुढच्या भिंगावरचा बारीक ओरखडा सहसा फोटोत दिसत नाही, मागच्या भिंगावरचा दिसू शकतो. नंतर पांढऱ्या कागदावर लेन्स धरून आरपार पाहावे. थोरियमयुक्त काच वापरलेल्या लेन्स, उदाहरणार्थ आत वळलेल्या पुढच्या भिंगाची कॅनन एफडी ३५ मिमी एफ/२, वर्षानुवर्षांनी चहासारखी पिवळट होते आणि उजेड खाते. काही आठवडे उन्हात ठेवल्यास हा रंग बराच उतरतो, म्हणून तेवढ्यावरून ती नाकारू नये. किंमत मात्र उतरवून मागावी.

ॲपर्चर लहान-मोठे करणाऱ्या पातींची तपासणी कधीही वगळू नये. मी एका मे महिन्यात २८ मिमी एफ/२ घेतली तेव्हा काच लख्ख होती, आणि त्या आनंदात पाती नुसती वरवर पाहिली. डिसेंबरात नांदूर मध्यमेश्वरला पहाटे, निफाडच्या थंडीत, रिंग एफ/८ वर आणली तरी व्ह्यूफाइंडरमधला उजेड कमी व्हायला दोन-तीन सेकंद लागत. पातींवर पसरलेले तेल गारठ्यात घट्ट झाले होते. मला ते उशिरा कळले. तोपर्यंत घेतलेल्या फोटोंत पाणथळीच्या काठावरचे गवत धूसर आले होते. विकणाऱ्याने सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. दुरुस्तीला लेन्सच्या किमतीच्या जवळपास एक तृतीयांश रक्कम गेली. म्हणून लेन्सच्या मागचा छोटा दांडा किंवा पिन बोटाने दाबून सोडावी. पाती टपकन मिटली पाहिजेत आणि त्यांच्यावर ओली चमक दिसता कामा नये.

शेवटी, आपलाच कॅमेरा नेऊन चार फोटो काढल्याशिवाय व्यवहार करू नये. दूरची एक ठळक खूण निवडावी. संध्याकाळ असेल तर मोबाइल टॉवरचा लाल दिवा उत्तम. तो मध्यभागी ठेवून पूर्ण उघड्या ॲपर्चरवर मोठा करून फोकस करावे, आणि मग रिंगला हात न लावता तोच दिवा चारही कोपऱ्यांत नेऊन एकेक फोटो घ्यावा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सच्या रचनेचा स्वभाव आहे. तीन ठीक आणि एक बिघडलेला असेल तर भिंग सरकले आहे. लेन्स केव्हातरी पडलेली आहे किंवा उघडून चुकीची बसवलेली आहे. अशी लेन्स निम्म्या किमतीतही घेऊ नये.

किंमत ठरवताना लेन्स, चांगला ॲडॅप्टर आणि एकदा करावी लागणारी साफसफाई यांची बेरीज करावी, परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्कही धरावे, आणि ती बेरीज आपल्या कॅमेऱ्याच्या माउंटवर (जोडणीवर) थेट बसणाऱ्या, वापरलेल्या आधुनिक लेन्सशेजारी मांडावी. सोनीची २०१५ मध्ये आलेली २८ मिमी एफ/२ केवळ २०० ग्रॅमची आहे आणि ऑटोफोकस करते. जुनी लेन्स ॲडॅप्टरसह त्या किमतीच्या निम्म्याहून वर गेली, तर मी ती सोडून देतो. अपवाद फक्त त्यांचा, ज्यांना हाताने फोकस करण्याची ती घट्ट, मऊ फिरणारी रिंगच हवी असते, आणि ते कारण मला पूर्ण मान्य आहे. लेन्स घरी आल्यावर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एकदा संध्याकाळी गोदाघाटावर नेऊन पूर्ण उघड्या ॲपर्चरवर फोटो घ्यावेत.