गाडीचा उशीर आणि रुळावरचा माणूस : नोंद कशी ठेवावी

नाशिकरोडहून मुंबईला रोज ये-जा करणाऱ्यांच्या डब्यात ‘पूर्वी गाड्या कशा वेळेवर असत’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ते पडताळायचे असेल, तर उशिराच्या नोंदीबरोबर रुळांवर काम करणाऱ्यांना मिळणाऱ्या वेळेचीही नोंद ठेवावी लागते. कारण गाड्यांच्या फेऱ्या आणि रुळांची दुरुस्ती ही दोन्ही कामे त्याच मार्गावर, त्याच चोवीस तासांत उरकायची असतात.

प्रथम एकच गाडी निवडावी. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस सोयीची. रेल्वेच्या हिशेबात मेल-एक्स्प्रेस गाडी अंतिम स्थानकावर पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा पोहोचली तरी वेळेवर धरली जाते, मधल्या स्थानकांवरचा उशीर त्यात दिसत नाही. म्हणून नाशिकरोडची आणि शेवटच्या स्थानकाची अशा दोन्ही वेळा लिहाव्यात. त्यानंतर वेळापत्रकात मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादरला जायला किती मिनिटे दिली आहेत आणि परतताना दादरहून टर्मिनसला किती, हे ताडून पाहावे. अंतर तेच नऊ किलोमीटर असूनही येताना जादा मिनिटे दिलेली आढळली, तर त्यांतली बरीचशी उशीर गिळण्यासाठी राखलेली असतात, असे समजावे. रद्दीत जुने वेळापत्रक सापडले तर हीच तुलना त्याच्याशीही करावी.

टक्केवारी वाचताना सावध राहावे. महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मेल-एक्स्प्रेस गाड्यांचा वक्तशीरपणा २०१२-१३ मध्ये ७९ टक्के होता, तो २०१८-१९ मध्ये ६९ टक्क्यांवर आला. मात्र याच सुमारास हाताने होणाऱ्या नोंदींची जागा सिग्नल यंत्रणेला जोडलेल्या स्वयंचलित नोंदी घेऊ लागल्या होत्या, त्यामुळे सगळी घसरण गाड्यांच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही. १ जुलै २०२० रोजी सर्व गाड्या वेळेवर धावल्याचे जाहीर झाले, तेव्हा टाळेबंदीमुळे देशभरात लांब पल्ल्याच्या जेमतेम दोनशे प्रवासी गाड्या सुरू होत्या. उशिराची कारणेही बदलतात : इगतपुरीला वरच्या तारेतल्या विजेचा प्रकार (डीसी-एसी) बदलत असे तोवर तिथे इंजिनही बदलावे लागे, तो खोळंबा संपला, पण कसारा घाटातली सदतिसास एक (सदतीस मीटर अंतरात एक मीटर) ही चढण आणि मागून लावावी लागणारी जोड इंजिने अजून आहेत.

आता रुळाकडे. १३ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे लासलगाव ते उगाव दरम्यान ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीची टॉवर वॅगन काम करणाऱ्या चार ट्रॅकमनच्या अंगावरून गेली आणि चौघेही दगावले. मार्ग अडवून काम करताना सहाशे मीटरवर रुळांआडवे लाल कापड ताणतात आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळावर बांधतात; चाकाखाली ते फुटले की चालकाला धोका कळतो. किरकोळ कामे मात्र दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, शिट्टी वाजवणाऱ्या सहकाऱ्याच्या भरवशावर होत आली आहेत. एका रुळावरच्या मालगाडीच्या खडखडाटात दुसऱ्या रुळावरच्या गाडीची चाहूल लागत नाही, हा यातला जुना धोका. गाडी जवळ येत असल्याचा बिनतारी इशारा देणारे ‘रक्षक’ हे उपकरण त्यासाठीच आले. तरीही माझ्या मते खरी सुरक्षितता ब्लॉकमध्येच, म्हणजे कामासाठी मार्ग ठरवून बंद ठेवण्यातच आहे, कारण तेवढा वेळ त्या रुळावर नेहमीची गाडीच सोडली जात नाही.

म्हणून वहीत तिसरा रकाना ब्लॉकचा ठेवावा आणि जाहीर झालेला ब्लॉक तारीख व वेळेसह त्यात लिहावा. ब्लॉकमुळे झालेला उशीर इतर उशिरात मिसळू नये. ती मिनिटे कामगारांच्या वाट्याची आहेत.

चौथा रकाना खिडकीतून भरता येतो. गाडी मंदावली की पिवळ्या त्रिकोणी फलकावरचा काळा आकडा शोधावा. ती तात्पुरती वेगमर्यादा असते. तो दिसल्यापासून इंग्रजी ‘टी’ आणि ‘पी’ ही अक्षरे लिहिलेला गोल पिवळा फलक येईपर्यंतची मिनिटे मोजावीत. काम करणारी टोळी मागे पडल्यावरही गाडी लगेच वेग घेत नाही, याचे नवल वाटू नये : हा फलक कामाच्या जागेपासून एका पूर्ण गाडीच्या लांबीइतका पुढे लावलेला असतो, म्हणजे इंजिन तिथे पोहोचते तेव्हा शेवटचा डबाही त्या माणसांना ओलांडून गेलेला असतो.