उन्हाळ्यात चालणं सोडू नका, पण या चुका टाळा

“आमच्या बेळगावात कुठं एवढं ऊन?” एप्रिल उजाडला की हे वाक्य टिळकवाडीपासून वडगावपर्यंत ऐकू येतं. गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर, पहाटे गार वारा, मे महिन्यात वळवाची सर. बोलणं अगदीच खोटं नाही. पण इथली वयस्कर माणसं फसतात ती याच भरवशावर. अथणी, रायबाग, रामदुर्गकडे ऊन इतकं उघड भाजतं की दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. बेळगावात आणि खानापुरात मात्र हवा सोसवते, म्हणून फिरायची वेळ तीच राहते, शेतातलं काम तेच राहतं. सोसत नाही ते पासष्टी ओलांडलेल्या शरीराला. घाम उशिरा आणि कमी येतो, कातडीकडे रक्त नेऊन उष्णता बाहेर टाकायचं काम मंदावतं, आणि तहान तर फारच उशिरा लागते.

तहान लागल्यावरच पाणी पिणं

या सगळ्यांत मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण तिची चाहूलच लागत नाही. “तहान नाही तर कशाला प्यायचं?” असं म्हणणारी आजी खरंच बोलत असते, तिला तहान जाणवतच नाही. त्यात रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून संध्याकाळपासून पाणी तोडणारे कितीतरी जण. सकाळी उठतात ते आधीच कोरडे, वर फक्त कपभर चहा घेऊन फिरायला निघतात. चहा घ्या, हरकत नाही, पण निघण्याआधी तांब्यातलं पेलाभर पाणी घ्या आणि परतल्यावर पुन्हा एक. दिवसाचं बरंचसं पाणी दुपारी चारपर्यंत पिऊन झालं तर रात्रीची झोपही मोडत नाही. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय, असं समजा.

ताक, नाचणीची आंबील, कैरीचं पन्हं हे सगळं चांगलंच. मात्र रक्तदाबाच्या माणसाने ताकात मिठाची चिमूट आवरावी आणि मधुमेह असलेल्याने पन्ह्यातल्या गुळाचा आणि उसाच्या रसाचा मोह टाळावा. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर ते पूर्ण १ लिटर पाण्यातच विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात ढवळून प्यायलं तर मिठाचं प्रमाण भलतंच वाढतं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं असेल, तर उन्हाळ्यासाठी ते बदलायचं का, हे त्यांनाच विचारा.

गोळ्यांचा विचार न करणं

रक्तदाबासाठी किंवा पायांच्या सुजेसाठी दिलेली लघवीची गोळी शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढते. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, काहींनी घाम कमी येतो. मार्च संपताना एकदा सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवून यावं. मनाने गोळी बंद करणं हीदेखील तितकीच मोठी चूक. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: उष्णतेत ते अंगात लवकर भिनतं. चालताना घाम फुटला, हात थरथरले तर ते उन्हामुळे असेल किंवा साखर उतरल्यामुळेही. यंत्रावर तपासल्याशिवाय अंदाज बांधू नका.

वेळ चुकवणं

टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपो मैदानाच्या झाडीत सकाळी सहा ते सव्वासात चालणं सुखाचं असतं. आठनंतर निघालात तर येताना ऊन अंगावर असतं. संध्याकाळी पाचला सावल्या लांबल्या तरी डांबर आणि पत्रे तापलेलेच असतात, म्हणून साडेसहाच्या आत निघू नये. वळीव पडून गेल्यावर हवा गार झाली, असं वाटतं. पण दुसऱ्या दिवशी दमट उकाडा असेल तर घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. अशा दिवशी चालणं निम्म्यावर आणा किंवा घरातच खुर्चीवरून उठबस करा, भिंतीला धरून टाचा उचला. गुडघ्यांना आणि मांड्यांना काम मिळालं म्हणजे झालं. दोन महिने काहीच न करणं मात्र महागात पडतं. पायांतली ताकद या वयात झपाट्याने जाते आणि सहज परत येत नाही.

बेळगावात वैशाखात निघणाऱ्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर जागलात तर दुसऱ्या दिवशीचं फिरणं खुशाल चुकवा.

शेतातलं काम व्यायामात न धरणं

खानापूरकडे काजू गोळा करणारे, मेअखेरीस धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत करायच्या, पेरणीसाठी रान तयार करणारे आबा-आप्पा सकाळी फिरायला जात नाहीत, म्हणून हे सगळं आपल्यासाठी नाही असं त्यांना वाटतं. धोका त्यांनाच जास्त. दर अर्ध्या तासाने झाडाखाली बसणं, डोक्याला ओला पंचा, सैल सुती कपडे आणि अकराच्या आत घरी. एकट्याने रानात जाऊ नये. सोबतच्या माणसाला “जरा दम लागूलाय” एवढं सांगायला लाजू नये. पहिले आठ-दहा दिवस काम थोडं थोडं वाढवावं, शरीर उन्हाला हळूहळू सरावतं.

देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा मधुमेहींनी दुपारी घालू नये. तळव्यांची जाणीव कमी असेल तर पोळलेलं घरी गेल्यावर कळतं.

लक्षणं ओळखण्यात उशीर

पोटऱ्यांत गोळे, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम: तिथेच थांबा, सावलीत बसा, घोटघोट पाणी प्या, मान आणि हात ओले करा. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा. “घरी जाऊन पडतो” म्हणत उन्हात पुन्हा चालू लागू नका.

बोलणं असंबद्ध झालं, माणूस ओळख विसरला, तोल गेला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, उष्माघातात घाम असूही शकतो. लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत कपडे सैल करा, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली थंड फडकी ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या तापावर तिचा उपयोग होत नाही.